चिठ्ठी न लागलेलं घर

त्या दिवशी घरात शिरलो तेव्हा धूर नव्हता, म्हणून मला वाटलं सोजर घरात नाही.

दुपार कलली होती. तीन दिवस वरच्या वाडीला चुली बांधून मी खाली उतरलो होतो. हत्यारांची पिशवी ओसरीवर टाकली आणि हाक मारली. आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. आमच्या स्वयंपाकघरात चूल पेटली की दारातून आतलं माणूस दिसायचं नाही. आधी डोळे चोळावे लागायचे, मग अंदाजानं आत जायचं. त्या दिवशी सोजर लगेच दिसली. तिच्या मागची भिंत दिसली, खुंटीचं सूप दिसलं, फळीवरच्या डब्यांची झाकणं दिसली.

"आलासा?" ती म्हणाली. "पाय धुवा आन बसा. गरम हाय तंवर खा."

ती नव्या चुलीपुढं बसली होती. चूल, शेजारी दुसऱ्या भांड्याची वैल, आणि मागं धुराडं, वरचं एक कौल सरकवून बाहेर काढलेलं. चुलीच्या तोंडाला हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली. धुराड्याचे नळ मी ओळखले. माझ्याच चाकावर घडवलेले, भट्टीत तडकलेले, म्हणून परसात टाकून दिलेले. तिनं ते चिखलानं सांधले होते. एकाचं तोंड दुसऱ्याला नीट बसत नव्हतं, पण धुराडं ओळंब्यात, सरळ उभं होतं.

पाय धुतले आणि पानावर बसलो. घेवड्याची आमटी होती. मी जेवत होतो आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. जेवण होईस्तोवर ती एकदाही खोकली नाही.

ही चूल आमच्या घरात असायला नको होती. का, ते सांगायला हवं.

पुण्याची एक संस्था आमच्या केळंब्याला आली होती. धूर बाहेर नेणारी चूल घरात आली तर बाई ती खरोखर वापरते का, तिचा खोकला कमी होतो का, सरपण कमी लागतं का, आणि वाचलेल्या वेळात ती काही मिळवते का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांच्या वतीनं कीर्तने मॅडम यायच्या. पंचविशीच्या असतील. उन्हातान्हात डोंगर चढायच्या, कुणाच्याही घरी मिळेल ते खायच्या. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या गावाला समजावलं होतं. सगळ्यांना एकदम चुली दिल्या, तर चुलीमुळं काय झालं आणि एरवीही काय झालं असतं, हे कळणार नाही. दोन सारखी घरं घ्यायची आणि फरक एकाच गोष्टीचा ठेवायचा. मग जे वेगळं दिसेल ते त्या एका गोष्टीमुळं. म्हणून निम्म्या घरांना आत्ता चूल, निम्म्यांना तीन वर्षांनी. कुणाला आधी, ते चिठ्ठ्या ठरवतील.

चिठ्ठ्यांसाठी गाडगं माझं होतं. मी गावचा कुंभार, त्यामुळं कुणी दुसरीकडं विचारलंही नाही. गावातल्या भागूआजीला अक्षर येत नव्हतं आणि दिसतही कमी होतं, म्हणून चिठ्ठ्या तिनं उचलायच्या असं ठरलं. दोनशे ऐंशी घरं होती, तिनं एकशे चाळीस चिठ्ठ्या काढल्या. माझं नाव निघालं नाही. शेवटी गाडगं पालथं केलं तेव्हा तळाशी चिकटलेली चिठ्ठी माझी निघाली.

सरपंच म्हणाले, "कुंभाराचं गाडगं आणि कुंभाराचंच नाव तळाला. आता तरी म्हणाल का, की चिठ्ठ्यांत लबाडी झाली?"

लोक हसले. ज्यांना लागली नव्हती तेही हसले आणि उठून गेले, कुणी तक्रार केली नाही. मॅडमनी माझ्याकडं बघून मान हलवली. खरं सांगायचं तर माझी छाती फुगली होती. माझं नाव न लागल्यामुळं सगळा कारभार खरा ठरला होता.

घरी येताना सोजर म्हणाली, "गाडग्याला तळ जरा कमी खोल करायचा हुता."

पुढं संस्थेनं चुली बांधायचं काम मलाच दिलं. एका कागदावर सही घेतली, की चिठ्ठी लागलेल्या घरीच मी चूल बांधीन, दुसरीकडं नाही. धुराड्याचे नळ मी घडवायचो. माती, शेण, भुसा आणि घोड्याची लीद कालवायचं काम सोजरचं. चुलीच्या मातीचा अंदाज माझ्यापेक्षा तिला जास्त. ती चिमूट तोंडाजवळ नेऊन वास घ्यायची आणि सांगायची, अजून भुसा घाला. माघ महिन्यापर्यंत ऐंशीच्या वर चुली झाल्या. त्या सगळ्यांची माती तिनं कालवली आणि रोज घरी येऊन जुन्या चुलीपुढं बसली. मथुरा म्हणून शेजारीण होती. तिला चूल लागली होती. ती येता-जाता विचारायची, "सोजरवैनी, गावाला धुराडं आन घराला धूर, असं कसं गं?"

"आमच्यात पाव्हण्यांना आधी वाढत्यात," सोजर म्हणायची आणि खोकायची.

खोकला तिला आधीपासूनच होता. त्या थंडीत तो वाढला. रात्री उठून ती भिंतीला पाठ लावून बसायची. मी विचारलं की म्हणायची, झोप आली न्हाई.

तर त्या दुपारी मी पानावरून उठलो, हात धुतले, आणि विचारलं, "कवा मांडलीस?"

"तुमी वर गेलासा त्याच दिशी. वार बघून मांडली. काल दूध उतू घातलं."

"उद्या मॅडम यायच्या हायेत. मापायला."

"ठावं हाय की. येऊ द्या. च्या ह्याच्यावरच ठेवीन."

"सोजर, आपल्याला चिठ्ठी लागल्याली न्हाई."

"चिठ्ठी तुमच्या नावाची हुती. ती न्हाई लागली. मी कुठं तुमाला बांधाय लावली? टाकून दिल्यालं नळ, उरल्याली माती. कुणाचं काय घेतलंय मी?"

मी तिला समजावलं. भट्टीचं उदाहरण दिलं, कारण मला दुसरं येत नव्हतं. एक ओलं मडकं भट्टीत गेलं की ते नुसतं फुटत नाही, शेजारची चार घेऊन फुटतं. ही मोजणीही तशीच. आपल्या घरात चूल दिसली की उद्या सगळे म्हणतील, कुंभारानं हात मारला. मग चिठ्ठी न लागलेलं प्रत्येक घर चूल मागेल. मॅडमची दोन वर्षांची मेहनत मातीत. आणि मी सही केली आहे.

ती परातीला चिकटलेलं पीठ निरपून काढत होती. सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मी वलं मडकं व्हय?"

"तू न्हाई. ही चूल."

"बरं." तिनं परात भिंतीला उभी केली. "तीन वर्सांनी मिळंल म्हंता. तीन वर्सांनी मी हाय, ह्ये कुणी लिवून दिलंय तुमास्नी?"

मी म्हणालो, असं अभद्र बोलू नये.

ती म्हणाली, "मोडायची आसंल तर तुमी मोडा. पेटल्याली चूल बाईनं आपल्या हातानं मोडू ने."

आमच्यात तसंच आहे. घर बदलताना चूल हलवतात, तीही गार करून, नैवेद्य दाखवून. एरवी चूल मोडत नाहीत. माझ्या आईनं तर तडकलेली चूलसुद्धा लिंपून लिंपून वीस वर्षं चालवली होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

संध्याकाळी तिनं त्याच चुलीवर भात केला. जेवणं झाली, भांडी झाली, तरी ती चुलीपुढून उठली नाही. काही करत नव्हती. नुसती बसली होती, जसं कुणी दारात वाऱ्याला बसतं. मी एकदा आत डोकावलो, पण हाक मारली नाही.

सकाळी तिनं अंघोळीचं पाणी तापवलं, भाकरी केल्या, मग जाळ विझू दिला. राख काढली. चुलीवरनं ओल्या फडक्यानं हात फिरवला, घागर घेतली आणि विहिरीवर गेली.

मी कुदळ घेतली. पहिल्या घावाला नुसती खपली उडाली. न भाजलेली माती इतकी घट्ट मी बघितली नव्हती. तिनं ती मळली कशी असेल, किती वेळ, हे त्या घावातून हाताला कळत होतं. चौथ्या घावाला वैल सुटली. मग धुराडं काढलं. आतून अजून ऊबदार होतं. दोन दिवसांची काजळी, बोटाला लागेल न लागेल एवढीच. सगळं पाटीत भरून चार खेपांत उकिरड्यावर टाकलं, वर कौल सरकवून बसवलं आणि जागा सारवली.

ती घागर घेऊन आली तेव्हा मी रिकामी पाटी धूत होतो. तिनं आत बघितलं, उकिरड्याकडं बघितलं.

"कुंभाराची सून आज ना उद्या उकिरड्यावर येतीया म्हणत्यात," ती म्हणाली. "माझी चूल माझ्या आधी गेली."

परसातून तिनं जुनी चूल आणली, सारवलेल्या ओल्या जागेवर ठेवली आणि पेटवली. ओलीमुळं नेहमीपेक्षा जास्त धूर झाला. मॅडम दहाला आल्या तेव्हा घर भरलेलं होतं.

त्यांच्याकडं एक फुंकायचं यंत्र होतं. हातात मावेल एवढी नळी, वर आकड्यांची पट्टी आणि एक काटा. पोटभर श्वास घ्यायचा आणि एका दमात जोरात फुंकायचं. काटा जिथवर जाईल तेवढा माणसाचा दम. तीनदा फुंकायचं, त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहून घ्यायच्या.

"जोरात, काकू," मॅडम म्हणाल्या.

"जलमभर फुंकतच आलोय की बाई," सोजर म्हणाली. चुलीजवळची लोखंडी फुंकणी तिनं पायानं सरकवली. "त्या नळीतनं झालं, आता ह्या नळीतनं."

काटा एकशे नव्वदपर्यंत गेला. पुढच्या दोन वेळा तिथवरही गेला नाही. मॅडमनी लिहून घेतलं आणि मग प्रश्न विचारायला लागल्या. दिवसातून किती वेळ चुलीपुढं, सरपण कोण आणतं, आठवड्यात किती दिवस खोकला. सोजर उत्तरं देत होती. मग मॅडमनी विचारलं, "घरात सुधारित चूल आहे का?"

सोजरनं माझ्याकडं बघितलं. "न्हाई," ती म्हणाली.

मॅडमनी खूण केली.

मी त्यांना सोडायला वाटेपर्यंत गेलो. वाट उकिरड्यावरूनच जात होती. मॅडम थांबल्या. नळाचे तुकडे पडले होते, आणि एका ढेकळावर हळदीकुंकू होतं.

"काका, हे काय?"

मी सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, थोडं ताठ होऊनच सांगितलं. बायकोनं चूल मांडली होती, चिठ्ठी लागली नसताना. मी सकाळी मोडली. तुमच्या मोजणीत आमच्या घरामुळं खोट येऊ दिली नाही. मला वाटलं त्या म्हणतील, शाबास काका. तेव्हा शाळेत जशी मान हलवली होती तशी हलवतील.

त्यांनी पिशवीतून तो कागद पुन्हा काढला आणि माझ्यासमोर धरला. मी चौथी शिकलेला, वाचता येतं.

"हा प्रश्न बघा," त्या म्हणाल्या. "घरात सुधारित चूल आहे का. हो किंवा नाही. त्याच्याखाली बघा, असल्यास कोणी बांधली. हे चिठ्ठी न लागलेल्या घरांतसुद्धा विचारतो. त्यांच्यासाठीच तर ठेवलंय ते."

"म्हंजी?"

"म्हणजे न लागलेल्या काही घरांत चुली होणारच, काका. कुणी स्वतः करेल, कुणाला माहेरून मिळेल. आणि लागलेल्या काही घरांत मोडतील. ते धरूनच हिशेब मांडलेला असतो. म्हणून तर एवढी घरं घेतो आम्ही. काकूंनी चूल मांडली असती तर मी इथं फक्त एक खूण केली असती. इथं 'हो'. आणि खाली काकूंचं नाव."

"आन माझी सही?"

"तुम्ही बांधायची नाही, एवढंच होतं त्यात. तुम्ही आमचे कारागीर म्हणून."

"एक घर बिघडलं तर समदं बिघडत न्हाई?"

"नाही हो, काका."

एक कोंबडी येऊन ढेकळं उकरायला लागली. मी तिला हाकललं.

"मग परत मांडू का?" मी विचारलं.

मॅडमचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला होता. "मांडा असं मी म्हणू शकत नाही, काका. आम्ही सांगून कुणी मांडली तर मात्र चुकीचं होईल. मांडू नका असंही मी म्हणत नाही. तुमचं घर आहे." त्यांनी कागद पिशवीत ठेवला. 'नाही'वरची खूण तशीच राहिली. त्या घडीला चूल नव्हतीच.

मी घरात आलो. सोजर पदर तोंडाला लावून बसली होती.

"काय म्हनत हुती एवढा येळ?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "पुढल्या वाडीचं काम हाय, त्येचं."

हे मी केलं. चूल मोडली ते एक झालं. चुकीनं मोडली, माणूस चुकतो. पण मॅडम काय म्हणाल्या ते मी सोजरला त्या दिवशी सांगितलं असतं, तर तिनं त्याच दुपारी पुन्हा माती कालवली असती. मला ते पक्कं ठाऊक होतं. फक्त, सकाळी जे केलं ते विनाकारण केलं, हे मला तिच्या तोंडासमोर म्हणावं लागलं असतं. ते माझ्यानं झालं नाही. उद्या सांगू म्हटलं. मग आठवडा गेला, मग उन्हाळा आला, आणि मग इतके दिवस का सांगितलं नाही हेही सांगावं लागलं असतं. तिनं पुन्हा कधी चुलीचा विषय काढला नाही. मी चुली बांधत राहिलो, ती माती कालवत राहिली. एकशे चाळीस पुऱ्या झाल्या.

तीन वर्षांनी संस्थेनं शब्द पाळला. उरलेल्या घरांत चुली बांधल्या, पहिली मी माझ्या घरात. तिची माती सोजरला कालवता आली नाही, दम लागायचा. ती उंबऱ्यावर बसून सांगत होती आणि मी कालवत होतो. हळदकुंकू तिनंच लावलं. चैत्रापासून भाद्रपदापर्यंत ती त्या चुलीवर रांधत होती. मग तेही सुटलं.

कराडच्या डॉक्टरांनी विचारलं, घरी चूल आहे का. मी म्हणालो, आहे, आणि धंदा कुंभाराचा, भट्टी आहे. ते म्हणाले, मग धूर दोन्हीकडचा गेला छातीत, कशानं किती झालं ते आता सांगता येत नाही. सोजर मार्गशीर्षात गेली. आमची लेक इचलकरंजीहून आली. तेरा दिवस शेजाऱ्यांनी जेवण आणलं, मथुरेनं सगळ्यात जास्त.

डॉक्टरांचं ते वाक्य मी धरून बसलो. येईल त्याला सांगायचो, भट्टीनं गेली. तीस वर्षं माझ्याबरोबर भट्टीवर बसली, भट्टीचा धूर वाईट. दिवसकार्य झाल्यावर मी भट्टी मोडून टाकली. लोक म्हणाले, म्हातारा बायकोच्या दुःखानं धंदा सोडून बसला. बसू दे म्हणाले. मला ती भट्टीच गुन्हेगार हवी होती.

त्याच सुमाराला संस्थेची शाळेत एक बैठक झाली. मोजणीतून काय निघालं ते सांगायला दुसरेच कुणी आले होते. ते म्हणाले, चुली मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. बऱ्याच बायकांनी जुनी चूलही चालूच ठेवली. कुणी धुराडं साफ केलं नाही, कुणी तोंड मोठं करायला चूल फोडली. मथुरेची तर वर्षभरात कोंबड्यांच्या खुराड्याला लागली होती. लोक चुळबुळत होते. मी मात्र घरी आलो आणि कित्येक महिन्यांनी नीट जेवलो. फरक पडतच नव्हता, तर मी काय हिरावलं तिचं?

असं आठ वर्षं चाललं.

गेल्या माघात मॅडम परत आल्या. त्याच घरांत आता काय आहे ते बघत फिरत होत्या. भांगात पांढरे केस आले होते. सोजरचं त्यांना ठाऊक होतं. तिच्या फोटोपुढं जरा वेळ उभ्या राहिल्या. मग ओसरीवर बसून कागद काढला आणि म्हणाल्या, "काका, सगळे प्रश्न क्रमानंच विचारावे लागतात. राग मानू नका."

"विचारा की."

"घरात मुख्य स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

त्यांनी लिहिलं. चूल की गॅस, तर गॅस. चूल कशासाठी, तर अंघोळीच्या पाण्याला. मग त्यांनी पिशवीतून ती नळी काढली. जो स्वयंपाक करतो त्याला फुंकावं लागतं, असा नियम. सोजर असताना मला कधी फुंकायला लावलं नव्हतं.

मी पोटभर श्वास घेतला आणि फुंकलो. मॅडमनी काटा बघितला. नळी फिरवून परत बघितला.

"चारशे सत्तर," त्या म्हणाल्या. "छान आहे, काका. तुमच्या वयाला असायला हवा त्याहून चांगलाच आहे." लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "भट्टीवर किती वर्षं काम केलंत?"

"चाळीस."

"आणि काकू?"

"तीस. लगीन होऊन आली तवापास्नं. दोघं एकाच अंगाला बसायचो, वारा बघून."

"आणि चुलीपाशी तुम्ही?"

मॅडमचं पेन थांबलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच कागदाकडं बघितलं. मला शाळेचा व्हरांडा आठवला, आणि तिथं उभी राहून 'फरक एकाच गोष्टीचा ठेवायचा' असं समजावणारी पंचविशीची पोरगी.

"हा प्रश्न कागदावर नाही," त्या हळू म्हणाल्या. "मी सहज विचारलं. राहू द्या."

"न्हाई बसलो," मी म्हणालो. "कदीच न्हाई."

मग त्यांनी नळीचा काटा खाली आणला आणि माझ्यापुढं धरली. "अजून दोनदा फुंकायचं असतं, काका."

दुसऱ्यांदा मी मुद्दाम हळू फुंकलो. काटा मध्येच राहिला. त्यांच्या लक्षात आलं.

"नीट फुंका, काका."

मी नीट फुंकलो. काटा पहिल्यांदा गेला होता तिथंच गेला.